स्वल्पविराम मशीनला, संदर्भ माणसाला

जर्नलला पेपर पाठवायच्या आदल्या रात्री संशोधक काय करत असतो? आकडे तपासत नसतो, तर संदर्भयादीतले स्वल्पविराम मोजत असतो. ज्यांच्या घरात किंवा मित्रमंडळींत कोणी पीएचडी करतंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वर्ष कंसात की शेवटी? जर्नलचं नाव पूर्ण की तोडून? खंडाचा आकडा ठळक की तिरका? आणि एवढं करून पेपर नाकारला गेला, की दुसऱ्या जर्नलसाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून!

माझं मत सरळ आहे. संदर्भांची मांडणी हे मशीनचं काम आहे. माणसाचं काम वेगळंच आहे, आणि नेमकं तेच राहून जातंय.

उदाहरण म्हणून क्लॉड शॅननचा १९४८ चा प्रसिद्ध पेपर घ्या. आयईईईच्या पद्धतीत तो 'सी. ई. शॅनन' असा सुरू होतो आणि जर्नलचं नाव 'बेल सिस्ट. टेक. जे.' असं तोडून येतं. एपीए पद्धतीत 'शॅनन, सी. ई. (१९४८)' आणि जर्नलचं नाव अख्खं. व्हँकुव्हर पद्धतीत आद्याक्षरांमागची टिंबंसुद्धा गळतात, उरतं 'शॅनन सीई'. माहिती मात्र तीच. लेखक, शीर्षक, जर्नल, खंड २७, पान ३७९ पासून पुढे. माणूस एकच, फक्त कपडे बदलले.

आपल्या धंद्यात याला डेटा आणि प्रेझेंटेशन वेगळं ठेवणं म्हणतात, आणि फ्रेशरलासुद्धा पहिल्या महिन्यात हे शिकवतात. संशोधनाच्या जगाला ते ठाऊक नाही असंही नाही. ओरेन पाताश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांचं बिबटेक १९८५ मध्ये आलं. माहिती एका फाइलीत, मांडणीचे नियम दुसऱ्या. २००६ मध्ये झोटेरो आलं, तेही फुकट. झोटेरो ज्या सीएसएल भाषेत मांडणीचे नियम वाचतं, तिच्या साठ्यात आज १०,००० हून जास्त शैली आहेत. त्यातल्या बऱ्याच एकमेकींच्या नकला आहेत हे खरं, पण प्रत्येक जर्नलला आपली वेगळी चूल हवी असते हेही तितकंच खरं.

गंमत अशी की व्हँकुव्हर पद्धत जन्माला आली तीच हा त्रास कमी करायला. १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला भेटले, ते हस्तलिखितं कशी मागवायची याचे समान नियम ठरवण्यासाठी. एक पेपर दुसरीकडे पाठवताना पुन्हा टाइप करायला लागू नये, इतकी साधी अपेक्षा. टाइपरायटर गेले, नियमांची भाऊबंदकी राहिली!

याची किंमत किती? २०१९ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये एक सर्वेक्षण आलं होतं. ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांना विचारलं, की फॉरमॅटिंगला किती वेळ जातो? मध्यक उत्तर होतं एका पेपरमागे १४ तास, वर्षाला ५२ तास. यात तक्ते, आकृत्या, समास सगळं आलं, नुसते संदर्भ नव्हेत. आणि हे ज्याने त्याने सांगितलेले आकडे आहेत, कोणी घड्याळ लावून बसलं नव्हतं. तरी निम्मे धरले तरी वर्षाला तीन-साडेतीन कामाचे दिवस होतात.

पण वेळ गेला हे माझं मुख्य दुःख नाहीच. मांडणी तपासली की संदर्भ तपासला, असा जो गोड गैरसमज होतो, तो जास्त वाईट.

एल्सव्हिअर या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून एक संदर्भ दिलेला होता. व्हॅन डर गीर आणि इतर, २०००, शास्त्रीय लेख कसा लिहावा या विषयावरचा पेपर. खंड, पानं सगळं व्यवस्थित. फक्त असा पेपर कधी लिहिलाच गेला नव्हता. पीटर क्रूनेनबर्ग या डच प्राध्यापकांच्या लक्षात आलं, की या पेपरचा हवाला खऱ्याखुऱ्या लेखांत दिला जातोय. अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये त्यावर लिहिलं. जवळजवळ ४०० लेखांत तो संदर्भ सापडला! बहुतेकांनी टेम्प्लेटमधला नमुना पुसलाच नव्हता, असं दिसतं. लेखक, परीक्षक, संपादक, इतक्या जणांच्या हाताखालून तो गेला. स्वल्पविराम जागच्या जागी होते ना, मग झालं तर.

कोड रिव्ह्यू केलेल्या कोणालाही हा आजार ओळखीचा वाटेल. एक स्पेस जास्त पडली यावर सात कॉमेंट्स, आणि लूपमधला बग थेट प्रॉडक्शनला! आपल्याकडे यावर उपाय निघाला. मांडणी फॉरमॅटरला देऊन टाकली, भांडण मिटलं, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला लॉजिक न बघण्यासाठी सबब उरली नाही.

आता तर प्रकरण आणखी नाजूक आहे. चॅटजीपीटीसारख्या साधनांना संदर्भाचा आकार तोंडपाठ आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माटा विरुद्ध एव्हिआंका या खटल्यात वकिलांनी अस्तित्वातच नसलेले, चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. तो निवाड्यांचा मामला होता, पण पेपरच्या संदर्भयादीतही हेच होऊ शकतं. पूर्वी नीटनेटकी यादी बघून निदान इतकं तरी कळायचं, की कोणीतरी यावर मेहनत घेतलीय. आता नीटनेटकेपणा फुकट मिळतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मग शिस्त नको का? जरूर हवी. एकाच यादीत तीन तऱ्हा असतील तर वाचणाऱ्याचं डोकं उठतं. आणि काही ठिकाणी माणसाशिवाय गत्यंतर नाही. जुनं मराठी पुस्तक घ्या. त्यावर 'शके १८४२' छापलंय. ते तसंच वर्षाच्या रकान्यात टाकलं तर इसवी सनाच्या १९२०-२१ मधलं पुस्तक यादीत आपोआप १८४२ मध्ये जाऊन बसेल. अशा पुस्तकाला डीओआय नसतो. आवृत्ती कुठली, प्रकाशक कोण, गाव कुठलं, हे नीट लिहिलं नाही तर वाचकाला ते कोणत्याच ग्रंथालयात सापडणार नाही. ही मेहनत सार्थकी लागणारी आहे. टिंब की स्वल्पविराम, ही नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीनच. पहिली, पेपर प्रथम पाठवताना कोणतीही एक सुसंगत पद्धत चालावी. एल्सव्हिअरच्या बऱ्याच जर्नलांत हे चालतं, म्हणजे अशक्य काही नाही. दुसरी, जिथे डीओआय आहे तिथे तो सक्तीने मागा आणि क्रॉसरेफच्या नोंदींशी मशीनकडून ताडून घ्या. पेपर मागे घेतला गेलाय का हेही तेव्हाच बघा. झोटेरो २०१९ पासून असे पेपर दाखवतं, आणि रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेऊन सगळ्यांना खुली केली आहे. तिसरी मागणी लेखकाकडे. यादीतला प्रत्येक संदर्भ मी स्वतः उघडलाय, आणि मी म्हणतोय ते त्यात खरंच लिहिलंय, एवढं त्याने सहीनिशी सांगावं.

पहिल्या दोन मागण्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर आजच हजर आहे. तिसरीला सॉफ्टवेअर नाही. तिला वेळ लागतो, आणि तो त्या ५२ तासांतूनच काढायला हवा.