पर्वतयात्रा आणि पाण्याची चौकशी

आपल्या संघाची वार्षिक सहल आजवर एका दिवसाची, बसने जाऊन सायंकाळी परतण्याची अशीच होत आली आहे. यंदा काही तरुण सभासदांनी उत्तर जपानी आल्प्समध्ये तीन रात्रींची पदयात्रा सुचविली आहे. ‘डोंगर चढणे हा आपला विषय नव्हे,’ असे मत त्यावर काही ज्येष्ठ बांधवांनी दिले. आम्हांस ते मान्य नाही.

१९३४ साली परमपूज्य बाबासाहेब चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले होते. आपण कोण हे वाटेत कळू द्यावयाचे नाही, जेथे आपली माणसे असतील तेथेच ओळख सांगावयाची, असे या मंडळींनी आधीच ठरविले होते. तरीही दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्याने काहींनी धुळीने माखलेले हातपाय धुतले आणि हौद बाटल्याची ओरड झाली. अखेर गडावर कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर, सशस्त्र शिपाई सोबत देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या मिळविलेला बॅरिस्टर त्या मंडळींत होता! बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात ही हकिकत स्वतः नोंदविली आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रवासाला निघताना पहिली चौकशी पाण्याची केली, ती अशा कारणाने.

यारिगाताके या ३,१८० मीटर उंचीच्या शिखराकडे जातानाही पहिली चौकशी पाण्याचीच करावी लागते. मात्र तिचा अर्थ निराळा आहे. ओढा मागे पडल्यावर माथ्याजवळच्या यामागोयांत, म्हणजे पर्वतावरील मुक्कामाच्या घरांत, पाणी साठवून काटकसरीने वापरतात व लिटरच्या हिशोबाने विकतात. तेथे स्नान नाही. सायंकाळी पाचच्या सुमारास सर्वांना एकाच स्वयंपाकघरातले जेवण मिळते, रात्री नऊपर्यंत दिवे मालवतात आणि अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून एका दालनात झोपतात. काही पालकांनी स्वतंत्र खोल्यांची मागणी केली आहे. ती मान्य करू नये, असे आम्ही सुचवितो. टोकियोतील भारतीयांच्या मेळाव्यात अजूनही ‘आडनाव काय?’ हा प्रश्न नुसता आडनावापुरता नसतो; आपल्या मुलांनी दोन-तीन रात्री त्या दालनातही झोपून पाहावे.

नागानो प्रांतात ठरावीक पर्वतमार्गांवर जाण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, पत्ता, दिवसवार मार्ग व सोबतचे साहित्य लिहून देणे २०१६ पासून बंधनकारक आहे. बाबासाहेबांच्या सोबत्यांना ओळख लपवावी लागली. येथे शोधपथकाला आपण सापडावे म्हणून ती लिहून द्यावयाची आहे.

यारिगाताकेचा मार्ग १८२८ साली बानर्यू या बौद्ध भिक्खूने खुला केला. पुढे इतरांनाही चढता यावे म्हणून शिखराच्या खडकावर लोखंडी साखळी बसविण्याचा उद्योग त्यानेच आरंभिला. मात्सुमोतो स्थानकासमोर त्याचा पुतळा आहे, तो मुलांना जरूर दाखवावा. पण जपान बौद्धांचा देश म्हणून भाबडेपणाही नको. पवित्र डोंगरांवरील स्त्रियांची बंदी सरकारने १८७२ साली उठविली, तरी नारा प्रांतातील ओमिने पर्वताचे शिखर आजही स्त्रियांना बंद आहे. तेथे आपल्या संघाने सहल नेऊ नये.

आता वैद्यक म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्यापैकी अनेक कुटुंबे विदर्भातली आहेत आणि तेथे आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याने आपल्या डॉक्टरांच्या संमतीवाचून या उंचीवर येऊ नये. जो केवळ वाहक आहे, तो एरवी निरोगी असतो. परंतु अडीच हजार मीटरच्या वर, थकव्यात व पाणी कमी पडल्यास, त्याच्या प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना झाल्यास थांबून पाहू नये, ताबडतोब खाली उतरावे. आपण वाहक आहोत की नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. ज्यांना असते ते मुलामुलींची लग्ने अडतील या भयाने बोलत नाहीत. हे मौन पर्वतावर जिवावर बेतू शकते. इलेक्ट्रोफोरेसिसची साधी रक्ततपासणी पुरेशी आहे. मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांनीही आधी भेटावे.

आराखडा असा असावा. पावसाळी हवा ओसरल्यावर, ओबोनची गर्दी टाळून, ऑगस्टचा पहिला आठवडा. शिंजुकूहून मात्सुमोतो, तेथून कामिकोची. पहिला मुक्काम योको-ओ, दुसरा शिखराखालील यामागोयात, तिसरा पुन्हा योको-ओ. दुपारच्या विजा टाळण्यासाठी पहाटे निघावे. शेवटच्या खडकावर शिड्या व साखळ्या आहेत. लहान मुलांनी तेथे चढू नये, इतरांनी हेल्मेट घालावे. एका मुक्कामास दोन जेवणांसह दहा हजार येनांहून बराच अधिक खर्च येतो. विद्यार्थ्यांचा भार संघाने उचलावा. सभागृहाच्या सजावटीवरील खर्चात थोडी काटछाट केली तरी ते जमेल.

तत्पूर्वी मे महिन्यात तानझावातील टो-नो-दाके येथे एक रात्र सराव करावा. ओकुराहून सुमारे १,२०० मीटर चढ आहे आणि १,४९१ मीटरवरील माथ्याच्या निवासाचे नाव सोनबुत्सु, म्हणजे पूज्य बुद्ध, असे आहे. येऊ इच्छिणाऱ्यांनी नावे चिटणीसांकडे द्यावीत. रक्ताचा अहवाल मात्र बंद पाकिटात आमच्याकडे पाठवावा.