वजा तीस मिनिटं

गेल्या शनिवारी अलिबागला जाऊन आलो. मित्राच्या काकांचं तिथे किनाऱ्याजवळ एक छोटं रिसॉर्ट आहे. (नाव सांगत नाही, उगाच काकांना त्रास.) त्यांनी स्टाफच्या शिफ्ट लावायला नवीन सॉफ्टवेअर घेतलंय. "तू त्यातलाच ना, जरा नियम भरून दे," असा हुकूम आला. जेवणात सुरमई आहे म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतोय! भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली आणि मांडव्याला उतरलो.

काम सोपं होतं. ब्रेकच्या नियमांचा स्क्रीन उघडला. ब्रेक किती मिनिटांचा? ३०. किती तासांनी? ५. पगारी की बिनपगारी? बिनपगारी. आणि सगळ्यात खाली एक चेकबॉक्स: 'ब्रेकची वेळ आपोआप वजा करा'. त्यावर आधीपासूनच टिक होती. काका म्हणाले, "राहू दे तशीच. पोरं पंच करायला विसरतात."

दुपारी जेवायला बसलो, लॅपटॉप शेजारीच उघडा. स्क्रीनवर 'आत्ता कोण कुठे' अशी यादी होती. त्यात वाढप्याच्या नावापुढे लिहिलेलं: ब्रेक, १.०० ते १.३०. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती आणि तोच मुलगा माझ्या पुढ्यात सोलकढी ठेवत होता.

"जेवलास का रे?"

"नाही दादा. ही बोटीची गर्दी उरकली की. साडेतीन होतील."

"आणि आलास कितीला?"

"आठला."

माझा घास तसाच राहिला. कारण हा चेकबॉक्स माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या प्रॉडक्टमध्ये अगदी असाच चेकबॉक्स मी स्वतः लिहिलाय. ग्राहकाने मागितला, दोन तासांत कोड झाला, डीफॉल्ट 'ऑन' ठेवला. टेस्ट केस काय? नऊ तास हजेरी, साडेआठ तास पगार. पास! त्या अर्ध्या तासात माणूस खरंच बसला का, हे तपासणारी टेस्ट मी लिहिली नाही. कुणी मागितलीही नाही.

आता हिशोब करा. रोजची ३० मिनिटं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३ तास. वर्षाचे १५६. आठ तासांच्या दिवसाने मोजले तर साडेएकोणीस दिवस. एवढे दिवस तो मुलगा फुकट राबणार, आणि रेकॉर्ड म्हणणार की तो तेव्हा आराम करत होता. मला वाईट वाटतं ते या दुसऱ्या भागाचं. पैसे बुडाले तर माणूस भांडू तरी शकतो. पण आपल्या सॉफ्टवेअरने त्याच्याविरुद्ध पुरावाच तयार करून ठेवलाय, तोही मिनिटामिनिटाचा!

हा अर्धा तास आपल्याकडे काही आभाळातून पडला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या. त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. रविवार मिळाला १८९० मध्ये. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या सुधारित कारखाना कायद्यात आला, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता काम बंद ठेवणं. यंत्रं थांबली की नाही हे कुणालाही कानांनी कळत होतं. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच थांबत नाही. फक्त एक वजाबाकी होते.

कायद्याची भाषाही वजाबाकीची नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मूळ तरतूद अशी होती की, किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम करून घेऊ नये. 'सलग' हा शब्द बघा. आपण एकूण तास मोजतो आणि मोकळे होतो. मग मॅनेजर ब्रेक शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासात टाकतो, बेरीज जुळते, नियम हिरवा! २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाचा दिवस कारखान्यांत नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाना-हॉटेलांत नऊवरून दहा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. दिवस लांबत चाललाय. अशा वेळी तरी मधला थांबा खरा नको का?

"अरे, पोरं दिवसभर चहा पितातच की," हा काकांचा युक्तिवाद. पितात ना, उभ्याने, एक डोळा टेबलावर ठेवून. आपल्यापैकी किती जण लंचच्या वेळी फोन बाजूला ठेवून जेवतात ते आठवा, म्हणजे फरक कळेल. "शनिवारी गर्दीत ब्रेक कसा देणार?" हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याला उत्तर एकच, बदली माणूस. त्याच्या जागी कोण उभं राहणार हे रोस्टरमध्ये लिहिलेलं नसेल तर तो ब्रेक खोटाच समजायचा.

आणि "ग्राहक मागतो, आम्ही देतो" हे आपलं लाडकं वाक्य? ग्राहकाने पासवर्ड उघडा साठवायला सांगितला तर आपण नाही म्हणतो. तिथे आपल्याला धंद्याची नीतिमत्ता आठवते. मग इथेच का विसरतो?

माझं म्हणणं फार मोठं नाही. ब्रेकला सुरुवात आणि शेवट, दोन्ही नोंदी हव्यात. नोंद नसेल तर तो वेळ पगारी धरायचा आणि मॅनेजरच्या स्क्रीनवर लाल दाखवायचा. तपासणी एकूण तासांची नको, सलग तासांची हवी. कुणी पंच करायला विसरलंच, तर दुरुस्ती त्या माणसाने मान्य केल्यावरच व्हावी. तासांची मर्यादा उद्या बदलली तर आकडा बदला, बाकी काही हलवायची गरज नाही.

काकांना हिशोब दाखवला. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण एक महिना टिक काढून बघायला तयार झाले. शनिवार-रविवारी दुपारी एक बदली मुलगाही रोस्टरवर घेतला. पुढचं पुढे.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, लोक चालत कुलाबा किल्ल्याकडे निघाले होते. वहीत 'ओहोटी' लिहून तिथलं पाणी हटत नाही. ते खरंच हटावं लागतं, तेव्हाच माणूस पलीकडे जातो.

असो. हजेरीचं सॉफ्टवेअर लिहिणारं कुणी हे वाचत असेल, तर सोमवारी ऑफिसला गेल्यावर आपला डीफॉल्ट काय आहे तेवढं बघा. माझ्या जुन्या प्रॉडक्टच्या टीमला मी मेल टाकलाय. उत्तर अजून आलेलं नाही.