फरदडीत झोपलेला वैरी



2017 च्या हंगामात वऱ्हाडातली पऱ्हाटी वरून हिरवीगार होती आणि बोंड फोडले की आत गुलाबी अळी. कापसाऐवजी कवडी हाती आली. बीटी बियाणे आले म्हणजे बोंडअळी गेली, असे आम्हीही मानून बसलो होतो. पण गुलाबी अळी बीटीचे विष पचवायला शिकली. तेव्हा या वैऱ्याची कुंडली आता आपणच मांडली पाहिजे.

याचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा लांब. दिवसा लपतो, रात्री उडतो. मादी पाती, फुले, कोवळी बोंडे यांवर शे-दोनशे अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते, बोंडात शिरते आणि मागे छिद्र बुजते. मग फवारा कितीही मारा, तो बाहेरच. दोन-तीन आठवडे सरकी खाऊन ती कोषात जाते. महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी तयार.

हंगामाच्या शेवटची अळी मात्र कोषात न जाता झोपते. कधी किडक्या बोंडात, कधी बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत, कधी जिनिंगमधल्या सरकीत. पाऊस पडला की पतंग होऊन उठते. त्या वेळी पाती लागलेली पऱ्हाटी शिवारात नसेल, तर तो पतंग थोड्याच दिवसांत निर्वंश मरतो.

त्याला जगवतो कोण? आपणच. पाणी देऊन ठेवलेली फरदड त्याला इकडून पोसते आणि मे महिन्यातली पेरणी तिकडून.

फरदडीचे चार पैसे आम्हालाही हवेच असतात. उधारी कोणाला चुकली आहे? पण त्या चार पैशांचे व्याज पुढच्या खरिपात आपल्यालाच भरावे लागते आणि शेजाऱ्यालाही, कारण पतंगाला धुरा कळत नाही. एकट्याने पऱ्हाटी उपटून भागत नाही, ती साऱ्या गावाने उपटावी लागते.

म्हणून गावोगाव ठरवा: डिसेंबरअखेर कापूस बंद, जनावरे चारून पऱ्हाटी उपटायची आणि पावसाळ्याआधी तिची विल्हेवाट लावायची. लागवड जूनच्या पावसावरच. कापसावर कापूस घेण्यापेक्षा आलटून ज्वारी घ्या, ज्वारीवर ही अळी जगत नाही. पाती लागताच एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तरच फवारणीचा विचार.

बियाण्याची पिशवी बदलून हा वैरी हटला नाही. गाव एक झाले तरच हटेल.