माहेर आठवणारी पहिलटकरीण नखरे करत नसते

पहिलटकरीण सून गप्प राहू लागली, भरल्या ताटावरून उठली, की घरात एक वाक्य ठरलेले असते: "सगळ्यांनाच दिवस जातात, हिचेच काय नवे?" हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्या गरोदरपणात जुन्या घराची ओढ लागणे हा हट्ट नाही. ती ओढ हसण्यावारी नेली तर मात्र आईच्या आणि बाळाच्या तब्येतीवर परिणाम होतो.

जुन्नर-आंबेगावचेच पाहा. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाकडचा डोंगरी भाग. तिथे भात, नाचणी, हिरडा. पूर्वेला नारायणगाव, मंचरचा बागायती पट्टा. इथे ऊस, कांदा, टोमॅटो. अंतर एका तालुक्याचे, पण लग्न होऊन खाली आलेल्या मुलीचे सारेच बदलते. ताटातली भाकरी बदलते, पाणी बदलते, घराभोवती ऊस येतो आणि उसात बिबट्या. गरोदर बाईला रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते. शौचालय लांब असेल तर ती दाबून धरते, नाहीतर संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. त्यातून लघवीचा संसर्ग होतो आणि तो वेळेआधी बाळंतपण होण्याचे एक कारण ठरू शकतो. माहेरी ती बिनधास्त आईला उठवायची. इथे सासूबाईंना हाक मारायला जीभ रेटत नाही. एकटेपणा शरीरात उतरतो तो असा.

काहींना तर परतायला माहेरचे गावच उरलेले नाही. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ जीव गेले. पुनर्वसनाचे नवे गाव २०१७ मध्ये उभे राहिले, पण ज्या घरात लेकीचे लाड झाले ते घर पुन्हा उभे राहत नाही. अशा गावच्या लेकीला "माहेरी जाऊन ये, बरे वाटेल" असे सांगून भागत नाही. तिला माणसे लागतात, आणि ती माणसे आपणच व्हायची असतात.

डोहाळे म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यातही बऱ्याचदा जुन्या घराची चव असते. तिला नाचणीची भाकरी हवी असेल, रानभाजी हवी असेल, तर ती करून द्यावी. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते आणि पालेभाज्या हव्यातच. रक्तवाढीची गोळी रोज घ्यावी, पण चहासोबत नको आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर ती अंगी लागते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर थकवा, चिडचिड, उदासी वाढते. मग घरचे म्हणतात, हिचे मन लागत नाही. मन लागत नाही हे खरे, पण रक्तही तपासा.

आठवण आणि आजार यांतला फरकही ओळखावा. आईशी बोलून, रडून मन हलके होत असेल तर ती आठवण. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटणे, झोप उडणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे, जीव नकोसा होणे, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. आशाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली तर तिला एकटी सोडू नका.

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आम्हाला मोडायची नाही. महामायेलाही बाळंतपणासाठी देवदहला, आपल्या माहेरी जावेसे वाटले होते. वाटेत लुंबिनीत सिद्धार्थाचा जन्म झाला आणि सातव्या दिवशी ती माता गेली, असे परंपरा सांगते. ती ओढ किती जुनी आहे, हे यावरून कळावे. आणि प्रवास शेवटच्या दिवसांवर ढकलू नये, हेही. पावसाळ्यात घाटरस्त्यावर दरड येते, मोबाइलला रेंज नसते. म्हणून जायचे तर डॉक्टरांना विचारून वेळेत जा. माता व बाल संरक्षण कार्ड, तपासण्यांचे कागद, सोनोग्राफीचा अहवाल सोबत न्या. तिथल्या आशाताईंकडे आणि अंगणवाडीत नाव सांगा. माहेर अनुसूचित क्षेत्रात असेल तर अमृत आहार योजनेतील एक वेळचे चौरस जेवण मिळते का, ते विचारा. बाळंतपण घोडेगावला की मंचरला, जुन्नरला की नारायणगावला, हे आधीच ठरवा. रक्तस्राव, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा.

शेवटचा मुद्दा कामाचा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीविषयक विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी मांडली होती. आज नोकरदार बाईला २६ आठवड्यांची रजा आहे. भातलावणीला वाकणाऱ्या, कांदा काढणाऱ्या रोजंदार बाईला ती नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी तिला ५००० रुपये मिळतात. ते तिच्या खात्यात जमा होतात. ते तिच्या खाण्यासाठीच राहू द्या. आधार कार्डावरचे नाव बदलायचे राहिले म्हणून नोंदणीही लांबवू नका.

आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात एवढे ठरवता येईल: वस्तीत पहिलटकरीण असेल तर एका जाणत्या बाईने आठवड्यातून एकदा तिच्याकडे जावे, उपदेश न करता तासभर बसावे आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यातील मोफत तपासणीला तिच्यासोबत जावे. याला पैसा लागत नाही. सासूबाईंनीही एकदा आपले पहिले दिवस आठवावेत आणि रात्री सून उठली तर दिवा लावून तिच्यासोबत दारापर्यंत जावे.