परतलेल्या मुलांची शाळा

नोकरीनिमित्त आखाती देशांत वा अमेरिकेत गेलेली खानदेशी कुटुंबे जळगाव-धुळ्यास परततात, तेव्हा पहिला पेच मुलांच्या शाळेचा पडतो. उद्या पुन्हा बाहेर जावे लागेल, या धास्तीने पालक केंद्रीय मंडळाची इंग्रजी शाळा गाठतात. मूल नववी-दहावीत असेल तर ही धास्ती रास्त आहे. त्या वयात माध्यम बदलणे आम्हांसही धोक्याचे वाटते. परंतु सहा वर्षांच्या मुलास मराठी शाळेचे भय कसले? आजीची अहिराणी ते गल्लीत खेळता खेळता उचलते. भय असते ते पालकांस!

खरी अडचण मधल्या वयाची. 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, हे उचितच झाले. पण बाराखडी न गिरवलेल्या मुलाच्या हाती एकदम सहावीचे पुस्तक देऊन काय साधणार? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाबाह्य मुलांना वयानुरूप वर्ग व विशेष प्रशिक्षण देऊ केले आहे. तशीच सोय या मुलांसही हवी. दोन्ही जिल्ह्यांतील संस्थाचालकांनी येत्या जूनपासून त्यांच्यासाठी रोज तासभर मराठीचा स्वतंत्र वर्ग चालवावा, अशी आमची मागणी आहे. त्यास एक शिक्षक आणि एक फळा पुरतो.