भिंतीवरची खूण

आमच्या सातारा-सांगलीकडे पोरगं तालमीत जातं याचं घरभर कौतुक. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात ब्राँझपदक मिळवलं, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. आपला मुलगा चौदाचा. वजनगटात बसायला तो जेवण टाळतो, खाऊन ओकतो. मग उंची अडते, मिसरूड लांबतं, हाडं कच्ची राहतात. मुलींची पाळी चुकली की कळतं. मुलाचं आम्हा आयांना कळत नाही. रमजानमध्ये तर सगळेच रोजेदार! ईदलाही तो शीरखुर्म्याला शिवला नाही, तर भिंतीवर उंचीची खूण करा. सहा महिन्यांत ती सरकली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. हाडांची वाढ संपण्याआधी खाणं सुधारलं, तर बरंच भरून निघतं. वस्तादांनाही सांगा, वरच्या गटात लढेल.