पेंढा, कोळसा आणि दंडाची पावती

पंजाब-हरियाणातील शेतकऱ्याने भाताचा पेंढा शेतात जाळला, तर तो गुन्हा ठरतो; तोच पेंढा दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपाने औष्णिक वीजकेंद्रात कोळशाबरोबर जाळला, तर तीच हरित ऊर्जा ठरते. या दोन ज्वाळांमधील अंतर रसायनशास्त्राचे नाही, मालकीचे आहे.

शास्त्र आपल्या जागी खरे आहे. पेंढ्यातील बहुतांश भाग बाष्पनशील असतो. २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो वायुरूप होऊन झपाट्याने पेट घेतो आणि त्या उष्णतेने कोळशाचे ज्वलन लवकर सुरू होण्यास मदत होते. कोळशातील उरलेला कर्ब मात्र प्राणवायू आत झिरपेल तसतसा सावकाश जळतो. पेंढ्यातील पोटॅशियम या ज्वलनाला गती देते. पण तेच पोटॅशियम क्लोरिन व सिलिका यांच्या संगतीने राख वितळवून बाष्पकाच्या नळ्यांवर चढवते आणि त्या गंजवते. म्हणून मिश्रणाचे प्रमाण बेताचेच ठेवावे लागते.

रासायनिक गतिशास्त्राचा एक साधा नियम आहे : अनेक टप्प्यांच्या प्रक्रियेचा वेग तिचा सर्वांत मंद टप्पा ठरवतो. येथे तो मंद टप्पा भट्टीत नाही, शेतात आहे. भूजल वाचवण्यासाठी २००९ साली दोन्ही राज्यांनी कायद्याने भातलावणी पुढे ढकलली. परिणामी भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. एवढ्या अवधीत पेंढा गोळा करणे, त्याचे गठ्ठे बांधणे, तो वाहून नेणे व कोरडा साठवणे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. त्याच्या हाती आगकाडीच उरते.

सरकारने वेग दाखवला तो कोठे? २०२१ च्या धोरणाने वीजकेंद्रांना ५ टक्के मिश्रण सक्तीचे केले, आणि २०२३ मध्ये तीच सक्ती २०२४-२५ पर्यंत लांबवली. वीजकेंद्रांना मुदतवाढ मिळाली. शेतकऱ्याला मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये दुप्पट दंड मिळाला : दोन एकरांहून कमी जमीन कसणाऱ्यालाही ५,००० रुपये! उद्योगाला सवलत आणि शेतकऱ्याला शिक्षा, हा न्याय कोणत्या वर्गाचा आहे हे निराळे सांगावयास नको.

मागणी स्पष्ट असली पाहिजे. गठ्ठे बांधणारी यंत्रे व गोळ्यांचे कारखाने गावोगावच्या सहकारी संस्थांच्या मालकीचे असावेत. पेंढ्याला बांधावर हमीभाव मिळावा. वीजकेंद्रांवर खरेदीचे बंधन असावे. ही व्यवस्था उभी राहीपर्यंत दंडाची वसुली थांबावी. त्याचबरोबर हेही विसरता कामा नये, की ज्या भट्टीत ५ भाग पेंढा जळतो, तेथे ९५ भाग कोळसाच जळतो. पेंढ्याच्या धुराआड कोळशाचे आयुष्य वाढवण्याचा डाव कार्यकर्त्यांनी वेळीच ओळखला पाहिजे.

शेतातली आग दंडाने विझत नाही. पेंढ्याचे मोल कष्टकऱ्याच्या पदरात पडेल, तेव्हाच ती विझेल.